वारली चित्रं काढताय तर ज्यांची आहेत त्यांना बोलवा, आणि आपली जमीनही एकदा बघा

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातल्या एका शाळेत गेली २१ वर्षं चित्रकला शिकवते. आपला पेपर आमच्याकडे वडलांच्या वेळेपासून येतो, वडील लूमवर होते, रात्रपाळी करून आले की आधी चहा, मग पेपर, मग झोप, त्यामुळे वाचकांची पत्रं मी लहानपणापासून वाचतेय. स्वतः लिहायची वेळ मात्र आज पहिल्यांदा आली, कारण हा विषय स्टाफरूममध्ये बोलून मन हलकं होत नाहीये.

आमच्या भागात एका सरकारी ऑफिसच्या कंपाउंडला लागून एक कडुलिंब होता. जुना, दोघांच्या कवेत मावणार नाही असा. खाली चप्पल शिवणारे एक काका बसायचे, एप्रिल-मेमधलं सोलापूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, दुपारी रिक्षावाले पण तिथंच रिक्षा लावून आडवे व्हायचे, आणि पाडव्याला अख्खी गल्ली गुढीसाठी त्याचाच डहाळा न्यायची. मागच्या वर्षी पार्किंग वाढवायचं म्हणून तो तोडला. दोन दिवस मशीन चालू होतं. नंतर तिथं नवीन भिंत उठली आणि सुशोभीकरण म्हणून त्या भिंतीवर वारली चित्रं काढली, गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट आणि वर पांढरी माणसं, आणि जिथं कडुलिंब होता बरोबर तिथंच एक झाड काढलंय, बारीक बारीक पानांचं, वर दोन पक्षी बसलेत. काका आता समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसतात.

चित्रं काढणाऱ्या पोरांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, हे आधीच सांगते. शाळेतून येताना दोन दिवस थांबून बघितलं, बोलले पण त्यांच्याशी. स्क्वेअर फुटावर रेट ठरलेला, मोबाइलमधले फोटो बघून काढत होते, एकजण म्हणाला मॅडम सगळीकडे वारलीच मागतात, पटकन होतं आणि कलर पण दोनच लागतात. हात चांगला होता पोराचा. पण भिंत लांबट म्हणून नाचणारी माणसं त्यांनी सरळ रांगेत काढली होती, आणि तारपा वाजवणारा एकटा पार कोपऱ्यात, लाइटच्या डबीजवळ.

तारपा नाच असा नसतो हो. दुधी भोपळा आणि बांबूपासून केलेलं ते लांबलचक वाद्य, ते वाजवणारा मध्ये असतो आणि बाकीचे हातात हात घालून त्याच्याभोवती फिरतात, तो वळला की सगळे वळतात, आणि तारप्याला पाठ दाखवायची नाही अशी रीत. म्हणून चित्रात ती माणसांची साखळी गोल गोल आत जाणारी दिसते. ते डिझाइन नाहीये, पाय जसे पडतात तसंच हातानं उतरवलेलं आहे. वाजवणाऱ्याला कोपऱ्यात टाकला तर मग नाच कुणाभोवती?

मी ही चित्रं वर्गात शिकवते, सातवी-आठवीला, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं मी पण तशीच शिकवत होते, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवा, वर गोल काढा, झाला माणूस. मग एका वर्षी डहाणूकडे, वारली लोकांच्या भागात, एका मैत्रिणीच्या घरी चार दिवस राहायला गेले, तिची तिकडं बदली झाली होती, आणि तिच्या ओळखीनं एका पाड्यावर लग्नघरी जायला मिळालं. तिथं कुडाच्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे देवीची चौकट, काढत होत्या. ते काढणं सवासिनींचं काम, बांबूची काडी चावून चावून तिचं टोक कुंचल्यासारखं मऊ करतात, ते पिठात बुडवून काढतात. चौकाच्या मध्ये पालघट देवी. आणि हा लग्नाचा चौक निघाल्याशिवाय पुढं लग्न नाही. म्हणजे आपल्याकडं अंतरपाटाशिवाय लग्न लागत नाही तसंच समजा, फक्त तिकडं त्यासाठी भिंतीवर देवी यावी लागते, आणि तिच्या चौकटीभोवती झाडं, गुरं, शेत, मुंग्या, सगळं वऱ्हाड यावं लागतं.

तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला सांगितलं की आम्हाला आया तीन, धरतरी, कणसरी आणि गावतरी. धरतरी म्हणजे जमीन, कणसरी म्हणजे धान्य, गावतरी म्हणजे गाय. मी वहीत लिहून घेतलं आणि शेजारी शिक्षकी सवयीनं ‘देवता’ असं लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली अगं त्या देवता म्हणाल्या नाहीत, आया म्हणाल्या. मला तेव्हापासून हा फरक टोचत राहिलाय. देवीला आपण नवस करतो, काम झालं की नारळ देऊन मोकळं होतो. आईशी असं करता येत नाही, तिच्याशी भांडण पण होतं आणि म्हातारपणी तिला सांभाळावं पण लागतं.

ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली ती साधारण १९७० नंतर, दुष्काळात लोकांना काहीतरी काम आणि कमाई मिळावी म्हणून, आणि त्यात जिव्या सोमा म्हसे यांचं नाव सगळ्यात आधी येतं. गंजाडचे. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांनी बोलणंच बंद केलं होतं आणि मातीत चित्रं काढून सांगायचे असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री, पॅरिसपासून जर्मनीपर्यंत प्रदर्शनं झाली, आणि २०१८ ला ते गेले. मी वर्गात विचारते, वारली चित्र कुणाकुणाला येतं, सगळे हात वर. वारली चित्रकाराचं एक नाव सांगा, एक पण हात नाही. एम. एफ. हुसेन पंढरपूरला जन्मले हे आमच्या पोरांना माहितीये, आणि असावंच, आपल्या जिल्ह्याचा मान आहे तो. पण आपल्याच राज्यातला हा माणूस माहिती नाही, आणि त्याची रेघ मात्र उशीच्या कव्हरवर, लग्नपत्रिकेवर, चहाच्या कपावर, बँकेच्या कॅलेंडरवर.

आणि हे सगळं जुनं झालेलं नाही, हे लोक आज काय काढतायत ते बघा एकदा. गंजाडचेच राजेश वांगड आहेत, त्यांनी फोटोग्राफर गौरी गिल यांच्याबरोबर २०१३ पासून एक काम सुरू केलं, त्यांच्याच गावच्या जमिनीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो गौरी गिल काढणार आणि त्या फोटोवर वांगड बारीक पेननं चित्र काढणार. फोटोत उघडा माळ, रस्ता, वाळलेलं झाड दिसतं, आणि त्या रिकाम्या जागेत वांगडांनी तिथं काय काय होतं, काय काय झालं ते भरलेलं असतं, देव, जंगल, माणसं. फोटोला जे दिसलं नाही ते हातानं त्याच फोटोवर लिहिलं. आता त्यांच्या पालघर जिल्ह्यातूनच बुलेट ट्रेन चाललीये, एक्स्प्रेस-वे चाललाय, डहाणूजवळ वाढवणला मोठं बंदर होतंय. विकास नको असं मी म्हणणार नाही, मला पण मुंबईला लवकर पोचायचं असतं. पण ज्यांच्या आईवरून रस्ता चाललाय त्यांची चित्रं आपण टॉवेलच्या काठाला लावायची आणि त्यांना विचारायचं पण नाही, हे मला पटत नाही.

टॉवेलवरून आठवलं, हे सोलापूरकरांनी तरी समजून घेतलंच पाहिजे. आपल्या चादरीची नक्कल बाहेर होते, हलकं सूत, दोन धुण्यात रंग गेलेला, आणि वर लेबल सोलापुरी चादर, तेव्हा आपल्याला किती लागतं! जीआय, म्हणजे मूळ गावाच्या मालाची कायदेशीर नोंद, आहे आपल्या चादरीला, तरी बाजारात बनावट माल येतोच आणि आपण पेपरात पत्रं लिहितो, आंदोलनं करतो. वारली चित्रांना पण जीआय आहे, २०१४ पासून. मग आपल्याच एमआयडीसीत जाळीदार टॉवेलवर वारली माणसं विणली जातात तेव्हा कुणी डहाणूला फोन केला का? माझे वडील जॅकार्डवर डिझाइन चढवायचे, पुठ्ठ्याला एक भोक चुकलं तर अख्खं फूल वाकडं येतं, ते म्हणायचे डिझाइन काढणाऱ्याचं नाव कधीच कापडावर येत नाही पण निदान मालकाला माहिती असतं. इथं तर मालकाला पण माहिती नाही.

गोंड चित्रांचं पण सांगते थोडं, कारण आपल्या गावात १४ एप्रिलला जेवढी माणसं रस्त्यावर येतात त्या प्रत्येकाला हे माहिती असायला पाहिजे. मध्य प्रदेशातल्या परधान गोंड समाजातले दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या नवराबायकोनं बाबासाहेबांच्या आयुष्यावर अख्खं चित्रांचं पुस्तक केलंय, भीमायन, २०११ चं. त्यात चौकोनी चौकटी नाहीत, त्यांच्याकडे भिंतीवर जी दिग्ना नावाची नक्षी काढतात त्याच्या वळणानं पानं भागलेली. प्रेमानं बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आणि विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी. तहान, पाणी, आसरा, प्रवास, सगळं प्राण्या-झाडांच्या शरीरातून सांगितलंय. मी हे पुस्तक वर्गात फिरवलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, बाई बाबासाहेबांच्या गोष्टीत एवढे प्राणी कशाला? दुसरीनंच उत्तर दिलं, पाणी सगळ्यांनाच लागतं की.

आता जरा लांबचं सांगते, कंटाळू नका.

ऑस्ट्रेलियात आदिवासींच्या जमिनी गेल्या तेव्हा तिथलं सरकार म्हणायचं ही जमीन कुणाचीच नव्हती. कागद दाखवा. कागद कुठून आणणार, त्यांच्याकडं जमीन गाण्यात आणि चित्रात असते. १९६३ मध्ये यिरकाला नावाच्या ठिकाणी योल्ङु लोकांच्या जमिनीत बॉक्साइटची खाण येणार होती, तर त्यांनी संसदेला अर्ज दिला, आपल्यासारखाच टाइप केलेला, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत, पण तो चिकटवला झाडाच्या सालीवर आणि चारी बाजूंनी त्यांच्या रीतीनं चित्रं काढली, ही जमीन कुणाची आणि आम्ही तिचे कोण हे सांगणारी. खाण काही थांबली नाही. पण तो अर्ज आजही त्यांच्या संसदेत ठेवलाय आणि पुढच्या सगळ्या जमिनीच्या भांडणाची सुरुवात तिथून झाली असं मानतात.

आणि १९९७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी तर कमालच केली. जमिनीच्या दाव्यात इंग्रजीत साक्ष द्यावी लागायची, ते जमेना, म्हणून साधारण ४० जणांनी मिळून ८ मीटर बाय १० मीटरचा एकच कॅनव्हास रंगवला, ङुरारा कॅनव्हास म्हणतात त्याला. आपल्या शाळेचे दोन वर्ग जोडले तर होईल एवढी जागा. ज्यानं त्यानं आपापला पाणवठा काढला. आणि सुनावणीला तो कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि एकेकजण उठून आपल्या पाणवठ्यावर उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला, ही माझी जागा, इथं माझ्या बापाचं अमुक, इथं पाऊस असा येतो. सातबाराच अंथरला की हो त्यांनी! दहा वर्षांनी, २००७ ला, त्यांचा हक्क मान्य झाला.

एमिली कामे ङ्वारे म्हणून एक आदिवासी बाई होत्या ऑस्ट्रेलियातल्याच, आयुष्य मेंढ्या-गुरांच्या मळ्यावर काम करण्यात गेलं, आधी कापडावर बाटिक केलं आणि सत्तरीच्या पुढं गेल्यावर कॅनव्हासवर रंगवायला घेतलं, आणि मग १९९६ ला जाईपर्यंत सात-आठ वर्षांत काही हजार चित्रं. त्यांच्या नावातलं कामे म्हणजे तिथल्या एका रानकंदाचं बी. बाईचं नावच कंदाचं बी. मग तिनं जमिनीखाली पसरलेल्या मुळ्या काढल्या तर ते निसर्गचित्र म्हणायचं की स्वतःचं चित्र म्हणायचं, मी ठरवू शकले नाही.

आणि आमच्या धंद्याच्या जवळचं एक, २०२४ मध्ये व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात आर्ची मूर या आदिवासी चित्रकारानं चारी भिंती आणि छत काळं केलं आणि पांढऱ्या खडूनं आपली वंशावळ लिहिली, महिनोन्‌महिने, हातानं, ६५,००० वर्षं मागं जाणारी. खडूनं! त्याला तिथला सगळ्यात मोठा सन्मान मिळाला. मी फोनवर तो व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यासमोर खडू हातात घेऊन नुसती उभी राहिले थोडा वेळ.

आता जे सांगायचंय त्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला बसले.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता, फासेपारध्यांच्या वस्तीवरून चालत यायचा. नाव लिहीत नाही. मी स्मरणचित्राला विषय दिला, माझं गाव. तुम्हाला माहितीये आपल्या शाळांमधून काय येतं, दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, मधून नदी, नदीत होडी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. सोलापुरात डोंगर कुठाय, नारळ कुठाय, पण सगळ्यांचं तेच, आणि आम्ही शिक्षक तेच देखावा म्हणून शिकवतो. या पोरानं पूर्ण कागद भगवट मातकट रंगानं भरला होता. वर आकाश नाही. वाकड्यातिकड्या रेघा, चार-पाच गोल, आणि सगळीकडं बारीक तीन बोटांच्या पावलांचे ठसे. मी म्हटलं अरे आकाश कुठाय? तो म्हणाला, बाई, आकाशातनंच बघायलोय की, मग आकाश कसं दिसल.

मी १० पैकी ४ मार्क दिले.

वही परत देताना त्यानं मला बोट ठेवून दाखवलं होतं, हा गोल म्हणजे तित्तराचं पाणी, हे घोरपडीचं बीळ, हा ओढा, इथं फक्त पावसाळ्यात पाणी असतं, आणि हा लहान गोल, इथं मी झालो. मी हं हं केलं आणि पुढच्या पोराकडं गेले. त्या वेळी मला ङुरारा कॅनव्हास माहिती नव्हता. आता माहितीये, आणि तो कॅनव्हास बघताना मला दर वेळी ते मातकट पान दिसतं, तसंच वरून बघितलेलं, तसेच पाण्याचे गोल, तशीच आपण जिथं झालो ती जागा. हजारो मैल लांबच्या माणसांनी केलं तर ते कला, आणि आपल्या माळावरच्या पोरानं केलं तर विषय समजला नाही असा शेरा. तो शेरा माझ्याच हातचा आहे. लाल पेननं.

पारधी आपल्या जिल्ह्यातलेच आदिवासी. आपण आदिवासी म्हटलं की डहाणू, मेळघाट, गडचिरोली आठवतो, आपल्या गावात सेटलमेंट म्हणून अख्खा भाग आहे तो कशामुळं तसा म्हणतात हे नवीन पोरांना विचारा, नाही सांगता येणार. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला, सेटलमेंटमध्ये, म्हणजे तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, आणि तो शिक्का कायद्यानं निघाला १९५२ च्या ३१ ऑगस्टला. पण तोवर माळाशी जे नातं होतं ते तुटलेलं. कुठल्या गवतात लाव्हा बसतो, तित्तर कशाला ओ देतो, हे ज्याला माहिती त्याला आपण चोर म्हटलं. नान्नजला माळढोक पक्ष्यांसाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं आणि आज तिथं एखादा माळढोक दिसला तरी पेपरात फोटो येतो. शिकारीला बंदी योग्यच आहे, मी त्याच्या बाजूनं आहे, पण माळ वाचवायचा असेल तर ज्यांना तो पायानं पाठ आहे त्यांच्याकडून एक नकाशा तरी काढून घ्यायचा होता आपण.

आणि फक्त त्यांचंच कशाला, आपल्या बाकीच्यांचं पण जमिनीशी काही कमी नातं नाही, फक्त आपण ते चित्रात आणत नाही. माझं आजोळ अक्कलकोट तालुक्यातलं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला तिकडं येळवस असते, काहीजण वेळा अमावस्या म्हणतात. त्या दिवशी गावात कुत्रं पण दिसत नाही, सगळे रानात. ज्वारी पोटरीत नाहीतर हुरड्याला आलेली असते, कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुना लावून मांडायचे, ते पांडव. भज्जी, उंडे, तिळाची पोळी, शेंगाची पोळी, गव्हाची खीर, मडक्यात आंबिल, मडक्याला वरून चुन्याचे पट्टे आणि ठिपके काढलेले. पूजा झाली की मामा आंबिल घेऊन पिकाभोवती शिंपडत जायचा, आम्ही पोरं मागं पळत ओरडायचो, ओलगे ओलगे सालम पोलगे. अर्थ कुणाला विचारला तर प्रत्येकजण वेगळा सांगतो, अर्ध कन्नड, अर्ध आपलं. कन्नड घरांत त्या शिंपडण्याला चरगा म्हणतात. आजी म्हणायची, पोटुशी बाईला जसं आधी वाढतात तसं आधी रानाला, मग आपल्याला. आमच्यातलं कुणीही त्याआधी घास तोंडात घालत नव्हतं, लहान पोरं सुद्धा.

मग धरतरी आमची पण आईच झाली की नाही? तिची पाच चुन्याची दगडं, मडक्यावरचे ठिपके, खोपीचा त्रिकोण, हे का नाही येत आमच्या पोरांच्या चित्रात, आमच्या भिंतींवर? पूर्व भागात पद्मशाली घरांतल्या बायका बतुकम्मा मांडतात, फुलांचा तो थरावर थर चढलेला मनोरा, भोवती फेर, गाणी तेलुगूत, शेवटी पाण्यात सोडायची. बायका गोल फिरतात आणि मध्ये फुलं, तारप्याचीच गोष्ट वाटते मला ती. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला सात नंदीध्वज निघतात, सिद्धेश्वर महाराजांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, ज्या महाराजांनी हजारो माणसांच्या हातानं तळं खोदून घेतलं त्यांचं लग्न मातीकाम करणाऱ्याच्या घरात लागतं, आणि आपण अक्षता टाकायला जातो. माती, पाणी, लग्न. तिकडं पालघटाचा चौक, इकडं हे लग्न लागतं तो संमती कट्टा. कुणी एवढं जवळ आणून दाखवलंय का पोरांना? मी पण नव्हतं दाखवलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गावात सुशोभीकरणाच्या नावानं जिथं जिथं वारली चित्रं काढायची तिथं निदान एका तरी भिंतीसाठी डहाणू, जव्हार, तलासरीकडच्या चित्रकारांना बोलवा, जाण्यायेण्याचा खर्च आणि नीट मानधन द्या, काढणाऱ्याचं नाव आणि गाव भिंतीवर लिहा. आपण बाहेरून गायक बोलावतो, कीर्तनकार बोलावतो, त्यांना नारळ-शाल देतो, मग चित्रकारालाच का गूगलवरून उचलायचं? बाकीच्या भिंती आपल्या रंगाऱ्यांना द्या, ती पोरं हुशार आहेत, पण त्यांना म्हणा येळवस काढ, बतुकम्मा काढ, माळ काढ, तुझ्या आजीचं रान काढ. उसनी आई आणून भिंतीवर बसवायची आणि आपली मागं पार्किंगखाली, हे नको. आणि झाड तोडून झाडाचं चित्र तर कधीच नको, तेवढा रंगाचा पैसा वाचवून पार्किंग चार फूट इकडं सरकवता आलं असतं, मी स्वतः पावलांनी मोजून बघितलंय.

आपल्या पेपरलाही एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत मुलांची चित्रं छापता, त्यात नव्वद टक्के तो डोंगर-सूर्याचा देखावाच असतो. एखाद्या रविवारी असं जाहीर करा की आकाश नसलेलं चित्र पाठवा. आपलं गाव, आपली वस्ती, आपली गल्ली वरून कशी दिसते, पाणी कुठं आहे, झाड कुठं होतं, तुम्ही कुठं झालात. हात धरून शिकवू नका, नुसतं मागा. मी माझ्या वर्गात यंदा मागितलं. एका मुलीनं पाण्याच्या टाकीपासून आपल्या घरापर्यंत घागरीतून सांडलेल्या थेंबांची रेघ काढली, बाकी काहीच नाही. एका मुलानं लूमच्या शेडचा पत्रा काढला आणि पत्र्यावर बसणारी कबुतरं मोजून काढली, सतरा. आणि त्या ऑफिसशेजारी राहणाऱ्या एकानं कडुलिंब काढला, वरून, म्हणजे नुसता मोठा हिरवा गोल, आणि गोलाच्या आत रिक्षा, काका, चपला, दोन कुत्री. मी त्याला १० पैकी १० दिले.

त्या जुन्या विद्यार्थ्याचं पान शोधायला मी शाळेतली सगळी कपाटं उघडली, नाही सापडलं. तो कुठल्या तरी साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर आहे असं ऐकलं. हे पत्र कुणाकडून त्याच्यापर्यंत पोचलं तर त्याला सांगा की बाईंनी शाळेत बोलावलंय, कधीही ये, आमच्या वर्गाची मागची भिंत मी कोरी ठेवलीये.

त्या ऑफिसच्या भिंतीचा पण मागचा भाग अजून कोरा आहे, साधारण चाळीस फूट. तिथं आमच्या मुलांना काढू द्या आणि कडेला एक कडुलिंब लावू द्या म्हणून साहेबांना भेटले, ते म्हणाले अर्ज द्या. मग अर्ज टाइप केला, मोठ्या खाकी पुठ्ठ्यावर चिकटवला आणि वर्गातल्या पोरांनी चारी बाजूंनी चुन्यानं चित्रं काढली, वर कडुलिंबाचा पाला, डावीकडं खोप आणि पाच पांडव, उजवीकडं कबुतरं, खाली सगळ्यांच्या पावलांचे ठसे. आवकच्या टेबलावरचे भाऊ म्हणाले एवढा मोठा फाइलला कसा लावू. मग त्यांनीच उठून तो कपाटाला टेकवून उभा केला आणि पोच दिली. त्याला आज तीन आठवडे झाले, उत्तर यायचंय.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका,
जुळे सोलापूर